आक्काताई मगदूम यांचा निष्कर्ष

आक्काताई मगदूम समोरच्या खुर्चीत बसल्या, पदराने कपाळ पुसलं, टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात द्यायला लागल्या.

"धरा. कुठं चुकलंय तिथं खुणा करा. मी तोवर कँटीनमधून चहा सांगून येते."

मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"पेन तुमच्याजवळच राहू दे. चहाला नंतर दोघी जाऊ. आधी तुम्ही मला हे वाचून दाखवा."

"वाचून? का ओ, तुम्हाला वाचता येत नाही होय?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुसखुसलं. मलाही हसू आलं, पण हात टेबलाखालीच ठेवले. पहिल्या दिवशी सगळेच असं काहीतरी बोलायचे.

आमचा लेखनकक्ष म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयामागच्या दोन खोल्या. कर्णिकबाई काही वर्षं परदेशात शिकवून परत आल्या होत्या आणि तिथली पद्धत त्यांनी इथे सुरू केली होती. कोणत्याही विभागाच्या विद्यार्थ्याने आपलं लिहिणं घेऊन यायचं आणि एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या आम्ही चार-पाच जणांनी त्याच्याजवळ बसायचं. नियम सोपे होते. लिहिणाऱ्याने स्वतः मोठ्याने वाचायचं. आम्ही ऐकायचं, अडलं तिथे प्रश्न विचारायचे. पेन लिहिणाऱ्याच्याच हातात राहणार. लोक इस्त्रीला कपडे टाकावेत तसे कागद टाकायला यायचे आणि हे ऐकल्यावर चिडायचे. पण दोन पानं वाचून झाली की बहुतेकांचा राग उतरायचा, कारण स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानावर पडलं की ते कुठे लंगडतंय हे कुणी सांगावं लागत नाही. मी तेव्हा मराठीच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. हे काम मला चांगलं जमत होतं आणि जमतंय हे मला कळतही होतं.

आक्काताई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. नावातच आक्का आणि ताई दोन्ही असल्यामुळे त्यांना वेगळं काही म्हणायची गरज पडली नाही. माळेवाडी नावाच्या गावात त्या प्राथमिक शिक्षिका होत्या आणि रजा घेऊन एम.एड. करायला आल्या होत्या. तालुक्याच्या डी.एड. कॉलेजने त्यांना जूनपासून अध्यापिका म्हणून घ्यायचं ठरवलं होतं, मात्र एम.एड. याच खेपेला पूर्ण झालं तर. प्रबंध शुक्रवारी विभागात द्यायचा होता. त्यावर मार्गदर्शकांची, म्हणजे डॉ. बिडकरांची सही लागणार होती, आणि बिडकर सरांनी भाषा ढिली आहे, लेखनकक्षात जाऊन नीट करून आणा, असं सांगून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. हे सगळं त्यांनी पेनाचं टोपण लावता लावता सांगून टाकलं. वर म्हणाल्या, जून हुकला की ती जागा गेली. तिथे संस्थेच्या अध्यक्षांची भाची टपून बसली आहे.

मग त्यांनी वाचायला घेतलं.

विषय होता दुसरीच्या मुलांच्या वाचनातल्या अडचणी. वर्गातली एक अडचण निवडायची, आधी मुलांची चाचणी घ्यायची, मग काही दिवस एखादा उपाय करायचा, नंतर पुन्हा तीच चाचणी घ्यायची आणि काय फरक पडला ते लिहायचं, असं त्या संशोधनाचं ठरलेलं रूप. आक्काताईंनी ते माळेवाडीच्या आपल्याच वर्गावर जाऊन केलं होतं आणि त्यांचा उपाय साधा होता. शाळेच्या शेवटच्या तासाला मुलांना गोल बसवून त्या गोष्ट वाचून दाखवायच्या, मधे थांबायच्या आणि पुढे काय होईल ते मुलांना विचारायच्या. हे सगळं त्यांनी छान लिहिलं होतं. भाषा कुठे कुठे कार्यालयी झाली होती, तिथे त्या स्वतःच अडखळल्या आणि मला काही न विचारता दोन शब्द खोडून मोकळ्या झाल्या. शाळेमागच्या ओढ्याबद्दल वाचताना आवाज खाली आला, सावकाश झाला. माझ्या मनात आलं, या बाईंना इथे पाठवायची गरजच नव्हती.

शेवटचं प्रकरण आलं आणि त्यांचा वेग एकदम वाढला.

"सदर उपाययोजनेमुळे विद्यार्थ्यांच्या वाचनक्षमतेत लक्षणीय वाढ झाल्याचे उत्तरचाचणीच्या गुणांवरून स्पष्ट होते," इथपासून ते संपेपर्यंत त्यांनी मुळी श्वासच घेतला नाही. गाळलेल्या शब्दांकडेही लक्ष गेलं नाही त्यांचं. शेवटचं पान उलटं करून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि चहाचं काय म्हणून विचारलं.

मी तो भाग पुन्हा वाचायला सांगितला. पुन्हा तसंच झालं.

दोन वर्षांत मी बरीच माणसं वाचताना ऐकली होती. कंटाळा आला की माणूस एका सुरात वाचतो, समजलेलं नसलं की अडखळतो. पण आपलं नसलेलं वाचताना तो घाई करतो. मी विचारलं, "वाढ झाली म्हणजे काय काय झालं? तुम्हाला दिसलं तेवढंच सांगा."

"लिहिलंय की."

"लिहिलंय ते ऐकलं. दिसलं ते सांगा."

आक्काताई माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. गप्प बसणं हा आमच्या कामाचा मोठा भाग होता आणि कक्षात नव्याने बसणाऱ्यांना तोच सगळ्यात जड जायचा. मला जात नव्हता.

शेवटी त्या उठल्या, दार लोटून आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाढ कुठली ओ. गुण कमी झालेत."

मग सगळं बाहेर आलं. उत्तरचाचणीत जवळजवळ सगळ्या वर्गाचे गुण उतरले होते. खरा तक्ता घेऊन त्या बिडकर सरांकडे गेल्या, तेव्हा सरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, बाई, उपाय केल्यावर गुण उतरतात का कधी? मोजायला चुकला असाल, नाहीतर लिहायला. आणि त्यांनी कपाटातून मागच्या वर्षांचे चार प्रबंध काढून दिले, कसं लिहितात ते बघा म्हणून. आक्काताईंनी बघितलं. चारी प्रबंधांत मुलं सुधारली होती. एकात शुद्धलेखन, एकात पाढे, एकात नकाशावाचन. निष्कर्षाचा परिच्छेद चारींत सारखाच होता, नुसतं विषयाचं नाव बदललेलं. मग त्यांनीही तोच उतरवला आणि तक्त्यातले आकडे त्याला जुळवून घेतले.

"माझा उपाय फसला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी शिकवते. म्हटलं, हे आपल्याला तरी येतं. तेच फसलं. आता ते छापून सगळ्यांना दाखवू होय?"

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. गोष्टी ऐकून दुसरीतली मुलं वाचायला विसरली, हे मला काही पटेना. मी म्हटलं, सगळा वर्ग नको. एक मूल घ्या. ते चाचणीला बसलं, तेव्हा काय झालं ते सांगा.

त्यांनी इराप्पा नावाचा मुलगा घेतला. चाचणीला क्रमिक पुस्तकातलाच धडा होता, ओढ्याकाठी राहणाऱ्या म्हातारीचा आणि तिच्या शेळीचा. मुलाने तो मोठ्याने वाचायचा. जितक्या वेळा थांबेल, गाळेल, तितके गुण कमी. मधे बोलायचं नाही, बाईंनीही नाही.

"पहिल्या चाचणीला इराप्पानं घडाघडा म्हटलं. कुठं थांबला नाही. नुसतं बोट तेवढं भलतीकडं. बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या ओळीवर." त्या हसल्या. "दुसऱ्या वेळी बघा. 'म्हातारीजवळ एक शेळी होती' म्हणाला आणि मान वर करून मलाच विचारतोय, बाई, ती दूध देती का? मी काय बोलणार? बोलायचं नाही असा नियम. मी आपला एक गुण कापला. पुढं गेला, परत थांबला. परत कापला."

"आणि बाकीची?"

"सगळी तसलीच. ती हौसा म्हणून पोरगी आहे. 'म्हातारीला दिसत नव्हते' इथं आली ती बसलीच तिथं. म्हणाली, शेळी हरवली तर शोधणार कशी ती? पुढं वाचंना. मी म्हटलं, अगं वाच, वेळ चाललाय. तर म्हणते कशी, आधी सांगा." त्या पुन्हा हसायला लागल्या. "पहिल्या वेळी हीच हौसा पोपटासारखी—"

आणि तिथे थांबल्या.

मला काय म्हणायचं होतं ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते तिथेच ठेवलं. बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, तिचा स्टँड दोनदा घसरला.

"थांबा की ओ जरा," आक्काताई म्हणाल्या, खरं तर मी काहीच बोलत नव्हते. "पहिल्या वेळी ती वाचतच नव्हती. पाठ म्हणत होती. पुस्तक उलटं धरलं असतं तरी म्हटली असती." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "दुसऱ्या वेळी वाचत होती म्हणून थांबली. आणि मी थांबल्याचे गुण कापत बसले."

त्यांनी तो गठ्ठा पालथा केला, सुलटा केला. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "आता काय लिहू? सांगा तुम्ही."

मी म्हटलं, ते तुम्हीच ठरवायचं.

"ते झालं तुमच्या नियमाचं. मी खरं विचारते आहे. हे असं लिहिलं आणि सरांनी सही नाही केली, तर जून गेला माझा. तुमच्या मनात काय आहे ते सांगा."

माझ्या मनात काय होतं ते स्पष्ट होतं. पण नोकरी त्यांची जाणार होती, माझी नाही. मी तेवढंच म्हणाले, की दोन्ही तऱ्हांनी लिहून आणलंत तरी मी दोन्ही ऐकेन.

"पोरी," त्या उठत म्हणाल्या, "तुझा नियम तुझ्यापाशी ठेव." आणि चहा न घेताच निघून गेल्या.

गुरुवारी त्या परत आल्या. दोन तऱ्हा नव्हत्या, एकच होती. खरा तक्ता जसाच्या तसा आणि त्यापुढे हाताने लिहिलेली काही पानं. पेन त्यांनी पर्समधून काढलंच नाही. त्या वाचायला लागल्या आणि मी फक्त ऐकलं. त्यांनी लिहिलं होतं की आपल्या उपायाने गुण घटले. मग कोणतं मूल कुठे थांबलं, काय विचारलं, ते एकेक करून लिहिलं होतं. आणि शेवटी, आपण घेतलेली चाचणी वाचन मोजत नव्हती, पाठांतर मोजत होती, असा निष्कर्ष होता. मी एकच प्रश्न विचारला, इराप्पाच्या बोटाचं कुठे आलं नाही ते मुद्दाम का? त्यांनी कपाळाला हात लावला, तेव्हा कुठे पेन काढलं आणि तिथेच बसून ते लिहिलं. संध्याकाळी टायपिस्टला गाठून ती पानं करून घेतली.

शुक्रवारी दुपारी बिडकर सर स्वतःच लेखनकक्षात आले. हातात प्रबंध, मागे आक्काताई. कर्णिकबाई त्या दिवशी परगावी होत्या, म्हणून ते थेट माझ्या टेबलाशी आले.

"शिरगुप्पे तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं आणि त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"मी भाषा सुधारायला पाठवलं होतं. तुम्ही संशोधनच बदलून दिलंत. हे कुणी लिहिलं?"

"त्यांनीच, सर. मी पेनाला हात लावलेला नाही."

"उपाय फसला असं सांगणारा प्रबंध माझ्या हाताखालून आजवर गेलेला नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते रागावलेल्यापेक्षा दमलेले दिसत होते. "बाहेरचे परीक्षक येणार. ते मला विचारतील, तुम्ही काय मार्गदर्शन केलंत? मग मी काय सांगू?"

आक्काताई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मला सगळं समजावून सांगता आलं असतं. मुद्दा माझ्या डोक्यात लख्ख होता आणि बोलायला मी कमी नव्हते. पण मी बोलले असते, तर तो माझा आणि सरांचा वाद झाला असता, आणि त्यात आक्काताई नुसत्या दाराशी उभ्या राहिल्या असत्या.

"सर, तुम्ही हे वाचलंत?" मी विचारलं.

"तक्ता बघितला. तक्त्यात कळतं सगळं."

"मग बसा ना थोडा वेळ. त्या वाचून दाखवतील. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना कुणी काही वाचून दाखवल्याला कितीतरी वर्षं झाली असावीत. ते बसले. आक्काताई त्यांच्यासमोर बसल्या, पदर सावरला आणि वाचायला लागल्या. सुरुवातीला आवाज कापत होता. इराप्पाचं बोट आलं तेव्हा तो सरळ झाला. सर खिडकीकडे बघत होते, ऐकताहेत की नाही ते कळत नव्हतं. हौसाचा परिच्छेद आला. तो संपवून आक्काताई पुढच्या वाक्यावर गेल्या, आणि सरांनी हात वर केला.

"थांबा. या मुलीच्या घरी कोण असतं?"

आक्काताईंनी वर पाहिलं. "आजी आहे सर. आईबाप ऊसतोडीला जातात. आजीच असते."

"आजीला दिसतं?"

"नाही."

सर खिडकीकडून त्या पानाकडे वळले. मग म्हणाले, "हे यात कुठं आहे?"

"नाही लिहिलं, सर."

"मग लिहा की. हे नाही तर काय लिहिलंत?"

सरांनी स्वतःचं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. आक्काताईंनी त्याच पानाच्या समासात दोन ओळी लिहिल्या. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं, मधे आणखी दोनदा थांबवलं, पेन परत मागून घेतलं आणि पहिल्या पानावर सही केली. उठताना म्हणाले, "परीक्षकांना तुम्हीच तोंड द्यायचं. मी मधे पडणार नाही."

"चालेल," आक्काताई म्हणाल्या.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. परीक्षकांनी त्यांना उभंआडवं विचारलं, ती चाचणीच सदोष होती तर मग तिचा तक्ता कशाला दिला असंही विचारलं, आणि शेवटी पास करून खालची श्रेणी दिली. बिडकर सर खरोखरच मधे पडले नाहीत. जूनमध्ये आक्काताई डी.एड. कॉलेजात रुजू झाल्या. अध्यक्षांच्या भाचीला दुसरीकडे जागा मिळाली.

मला मात्र सांगायचं आहे ते त्या शुक्रवारचं. प्रबंध विभागात देऊन आम्ही कँटीनला गेलो. शेवटी तो चहा झाला. मला वाटलं होतं की त्या खूश असतील. पण त्या घड्याळ बघत होत्या. माळेवाडीची शेवटची एसटी गाठायची होती.

"आजच? दोन दिवस आराम करा की," मी म्हटलं.

"उद्या सकाळची शाळा आहे. चाचणी झाली, त्या दिवशी मी चिडून पोरांना सांगितलं होतं, वाचताना मधे बोलायचं नाही, गुण जातात. आता माझ्या जागी बदलीवर आहेत त्या बाई सांगत होत्या, हौसा तेव्हापासून तोंडच उघडत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "बिडकरांची सही मिळाली. तिची राहिली आहे."

मी त्यांच्याबरोबर गेले. का गेले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढे बरीच वर्षं लोक मला विचारायचे, विद्यापीठात पहिली आलेली मुलगी कॉलेजवर अर्ज न करता दुसरीच्या वर्गावर कशी गेली, आणि तिथेच निवृत्त कशी झाली. आता निवृत्त होऊनही घरी रोज शेजारची मुलं वाचायला येतात, तेव्हा नातवंडंही तेच विचारतात. त्यांना मी त्या शनिवारची सकाळ सांगते.

वर्ग ओढ्याच्या बाजूला होता. मुलं ओळीने बसली होती. मी मागे, भिंतीला टेकून जमिनीवर बसले. हौसा कोणती ते दाखवावं लागलं नाही. सगळ्यांनी बाईंना बघून गलका केला आणि एकटी ती पाटीकडे बघत राहिली.

आक्काताईंनी मुलांना उठवून गोल बसवलं आणि स्वतः त्या गोलात बसल्या. पुस्तक उघडलं. म्हणाल्या, आज तुम्ही नाही, मी वाचणार. चुकले तर सांगा. आणि वाचायला लागल्या. ओढ्याकाठी एक म्हातारी राहत होती. म्हातारीजवळ एक शेळी होती. म्हातारीला दिसत नव्हते.

इथे त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"मला काही पुढं वाचवंना," त्या म्हणाल्या. "मला एक अडलंय. ही शेळी हरवली तर म्हातारी ती शोधणार कशी?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मागच्या वेळी असं बोलल्यावर काय झालं होतं ते त्यांना आठवत होतं. आक्काताई थांबल्या. मी लेखनकक्षात इतक्या लोकांसमोर गप्प बसले होते, पण इतकं सहज कधी बसले नव्हते. त्या जणू दिवसभर थांबायला आल्या होत्या.

इराप्पा चुळबुळला. मग हौसाकडे बघायला लागला.

"गळ्यात घंटा बांधायची," हौसा पाटीकडे बघतच म्हणाली.

"आणि शेळी झोपली तर? घंटा वाजणार कशी?"

हौसाने मान वर केली. "मग म्हातारीनं हाक मारायची. शेळीला आवाज कळतोय. आमच्या आजीची शेळी येती की."

"दूध देती?" इराप्पाने विचारलं.

मग कुणाला काही धरबंध राहिला नाही. शेळी कुठल्या रंगाची, रंग म्हातारीला कळतो की नाही, ओढ्याला पूर आला तर दोघी कुठे जातात, म्हातारीला पोरं नाहीत का, असतील तर ती कुठे गेलीत. आक्काताई एकालाही गप्प करत नव्हत्या आणि एकाचंही उत्तर पूर्ण देत नव्हत्या. कुणीतरी मलाही विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत हौसाने माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

धडा अजून तिसऱ्या ओळीवर होता.